मोरीचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात आमच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. मी मंद्रूपहून लग्न होऊन नुकतीच आले होते. माहेरी आंघोळीचं पाणी कुणी वाया जाऊ देत नसे. तेच मी सासरी सुरू केलं. मोरीच्या तोंडाशी घमेलं ठेवायचं आणि साचलेलं पाणी वाळू-कोळसा भरलेल्या फुटक्या माठातून गाळायचं. खाली बादलीत उतरे ते नितळ दिसे. फरशी पुसायला, संडासात टाकायला पुरे. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. मग स्वतःच शेजारणींना बोलावून माठ दाखवू लागल्या.

त्या उन्हाळ्यात मोहोळचे पाहुणे आले. त्यांच्या मुलानं माझ्या नणंदेला पसंत केलं होतं. मुलाचे वडील बोलणी पक्की करायला आले होते. मी आत चहा टाकत होते. उन्हातून आलेल्या त्या माणसानं अंगणातल्या बादलीत स्वतःच तांब्या बुडवला, तोंडावर पाणी मारलं, चूळ भरली. मी बाहेर आले तेव्हा ते मिशा पुसत होते.

"पानी गार हाय की. नळाचं का आडाचं?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. नळाचं म्हटलं असतं तर भागलं असतं, पण मला ते सुचलंच नाही.

"मोरीचं आहे, मामा. गाळलेलं. फरशीसाठी ठेवलं होतं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "कुनाच्या आंगुळीचं?"

ते कडेला जाऊन पुन्हा पुन्हा थुंकले. चहाला शिवले नाहीत. उंबऱ्यापाशी म्हणाले, "दुष्काळ आमच्याकडं बी हाय. पर आमी असं करत न्हाय."

जमिनीवरची नजर वर उचलवेना.

बोलणी तिथंच मोडली. माठ बघायला येणाऱ्या शेजारणी आता माझ्या हातचं पाणी घेईनात. एकीनं तर पोराला आमच्या दारातून ओढत नेलं. नणंदेचं लग्न पुढं दुधनीला झालं, घरही चांगलं मिळालं. ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच जास्त लागायचं.

पाणी गाळणं मात्र थांबवता आलं नाही. नळाला धारच नव्हती. मी माठ मागच्या भिंतीशी नेला, त्यावर पोतं टाकलं. शेजारचं दार लागलेलं बघायचे, मगच घमेलं उचलायचे, चोरीचा माल उचलावा तसं.