लिंबापुढे अडलेली गाडी

समस्त संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दोन हजारच्या दशकात, चेन्नई मुक्कामी, एका पांढऱ्या वापरलेल्या मोटारीने थांबण्यास साफ नकार दिला आणि त्यापायी एका सुखी संसाराची पुढची डावी सीट कित्येक महिने रिकामी राहिली. मोटार माझी होती. संसारही माझाच.

झालं असं. गिंडीजवळ सिग्नलला पुढे पाण्याचा टँकर उभा होता. मी ब्रेक दाबला. पाय श्रीखंडात बुडावा तसा पेडल खाली गेला आणि गाडी मात्र राजेशाही थाटात पुढे सरकत राहिली. थांबली ती टँकरच्या गळक्या नळाखाली. बॉनेटवर अभिषेक सुरू झाला. शेजारच्या सीटवर बायको होती. तिने पर्स घेतली, डबा घेतला, दार उघडलं आणि सरळ बसस्टॉपकडे चालू लागली. संध्याकाळी घरी एवढंच म्हणाली की, ही थांबायला शिकली की सांगा, तोवर मी बसने जाईन.

आणि गेली. कधी कधी तिची बस आणि माझी गाडी एकाच सिग्नलला येत. ती मागच्या खिडकीतून बघे, मी कुठे थांबतो ते. मी बहुधा तिला ओलांडून पार बसच्या ड्रायव्हरच्या दारापाशी थांबे.

आता, चेन्नईतली आम्ही मराठी मंडळी म्हणजे निम्मे संगणकवाले आणि निम्मे मोटारींचे सुटे भाग बनवणारे. रविवारी कुणाच्या तरी घरी पोह्यांवर माझ्या ब्रेकची चर्चा रंगू लागली. ब्रेकचे पॅड बनवणारा म्हणाला, पॅड बदल. रबरी नळ्या बनवणारा म्हणाला, पॅडला कोण विचारतं, नळ्या फुगत असणार. टायरवाल्याने दोघांना वेड्यात काढलं. संगणकवाल्यांनी एकमुखाने गाडी विकायला सांगितलं. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात सीटा बनवत होतो. माझ्या खात्याची सीट उत्तम स्थितीत होती, फक्त तीत माणूस नव्हतं.

मी सगळ्यांचं ऐकलं. पॅड बदलले, तर गाडी थांबेना ती थांबेना, वर अशी किंचाळू लागली की गल्लीतली कुत्री उत्तर देत. नळ्या बदलल्या. तेल बदललं. मागच्या चाकांचे ड्रम घासून घेतले. गिंडीतला माझा मेकॅनिक दर वेळी गाडीखालून बाहेर येई, हात पुसत सांगे, ‘एअर होती सार, काढली.’ दुसऱ्या आठवड्यात ती हवा पुन्हा हजर. मला कळेना, एवढी हवा येते कुठून. या शहरात जून महिन्यात माणसाला वारा लागत नाही आणि माझ्या ब्रेकमध्ये समुद्रावरचा वारा खेळत होता.

अखेर मी निर्वाणीचा निर्णय घेतला. डागडुजी बंद, आता बढती. माझ्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला मोठ्या डिस्क आणि ब्रेक दाबायला मदत करणारा मोठा बूस्टर होता. तो सगळा ऐवज मी पुदुपेट्टैच्या जुन्या भागांच्या बाजारातून जमवला. मेकॅनिकने गाडी न्यायला दिवस सांगितला तो आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा. सकाळी गाडी घेऊन जा, मग मी दुकानात पूजा मांडतो, असं त्याचं म्हणणं.

मी बायकोला वर्दी दिली. संध्याकाळी मैलापूरला तिच्या मैत्रिणीकडे नवरात्रात मांडतात त्या कोलूच्या बाहुल्या बघायला जायचं होतं. तिने कबूल केलं: थांबली तर येईन.

गाडी आणताना जरा जड वाटली. मी म्हटलं, ताकद आली आहे. रस्ताभर मी कारण नसताना ब्रेक दाबत होतो आणि ती जागच्या जागी खिळत होती. मला गाणं सुचत होतं.

घरी आमचे घरमालक गंध-कुंकू घेऊन तयारच होते. ते तंजावरचे मराठी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि शास्त्राबाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. त्यांनी चाकांना गंध लावलं. लावता लावता ते वाळून त्याचे पापुद्रे झाले. चाक तापलंय, असं ते पुटपुटले. मी लक्ष दिलं नाही. चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. आता गाडीने ती चिरडून पुढे जायचं, की दृष्ट उतरली.

मी गिअर टाकला. गाडी हलली नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, शेजारी गॅलरीत आले, लिंबं तशीच. घरमालकांनी आणि दोन शेजाऱ्यांनी ढकलून पाहिलं. ब्रेक लागलेले होते आणि सुटतच नव्हते. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, पेडलमागची दांडी जरा लांब राहिली असेल, पाच मिनिटांचं काम. मग ये, म्हटलं. तिकडून शांत आवाज आला.

‘पाने-पकडी देवीपुढे आहेत सार. आज हात लावायचा नाही. नाळैक्कु.’

म्हणजे उद्या. घरमालकांनी मान डोलावली, शास्त्र बरोबर होतं. मी माझा स्वतःचा पाना आणायला निघालो, तर तोही त्यांनीच सकाळी कुंकू लावून त्यांच्या देवापुढे मांडला होता. मी परत गाडीत बसून स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

तेवढ्यात डावं दार उघडलं. बायको नवी साडी नेसून, मैत्रिणीसाठीचा डबा घेऊन आत आली, ऐसपैस बसली, पदर आवरला, दारातून वाकून चाकापुढच्या अख्ख्या लिंबाकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली:

‘अहो, थांबली की ही! आता बसते मी.’