पानावरचं बिस्किट

तलासरीजवळच्या एका अंगणवाडीत मी महिन्यातून दोनदा जायचे. साल दोन हजार सोळा असावं. वाढीत मागे पडलेल्या मुलांना थांबता येतं का, सूचना लक्षात राहते का, हे तपासायचं माझं काम. चाचण्यांची पेटी मुंबईची, पदवीही मुंबईची, आणि माझा तोरा तर विचारूच नका.

तिथे पाच वर्षांची एक मुलगी होती. बोलणं उशिरा आलेलं, एका जागी ठरायची नाही. जूनमध्ये तिने गावच्या शाळेत बसायचं, की आईने मजुरी बुडवून तिला रोज डहाणूच्या विशेष वर्गात न्यायचं, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. बाकी चाचण्यांत ती काठावर होती. उरली होती थांबण्याची.

मी तिच्यापुढे बशीत बिस्किट ठेवलं. म्हटलं, "घंटी वाजेपर्यंत खायचं नाही हं." माझं बोलणं संपायच्या आत बिस्किट तोंडात. तीनदा तेच झालं. मी शून्य मांडलं.

दारात अंगणवाडीची मदतनीस भाजी निवडत होती. चौथी शिकलेली बाई. ती हसली. "पुढ्यात वाढलंस, मंग पोर खाईलच ना!"

उठून तिने पळसाचं पान आणलं, बिस्किट त्यावर कोपऱ्यात ठेवलं. "आधी देवाला, मंग आपण." तिकडच्या पाड्यांवर नवं धान्य, नवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. मुलगी उकिडवी बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. आवंढे गिळत होती, पण हलली नाही. मी घंटी वाजवली तर तिने बघितलं मदतनीस बाईकडे, आणि बिस्किट घेऊन तिच्याच कुशीत शिरली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. चार महिने मी त्या पोरीला चुचकारत होते, एकदाही ती माझ्याजवळ आली नव्हती.

अहवालात मी लिहिलं, 'थांबता येत नाही.' चाचणीत बदल चालत नाही, असं स्वतःला बजावलं. खाली शेऱ्यासाठी चार ओळी होत्या. त्या मी कोऱ्याच ठेवल्या.

जुलैत डहाणूच्या एसटी स्टँडवर मायलेकी दिसल्या. बस आली नव्हती. आई घामाघूम होऊन रस्त्याकडे बघत होती. शेजारी मुलगी उकिडवी बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, मुकाट थांबलेली.