भिंतीतल्या दोन खुंट्या

भिंगारला आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक सुटी खोली होती. वडील गेल्यावर आईने ती भाड्याने द्यायला सुरुवात केली, पण कायमच्या बिऱ्हाडाला नाही. छावणीत शिकायला म्हणून देशभरातले जवान दोन-दोन महिन्यांसाठी यायचे. एखाद्याची बायको मागोमाग यायची आणि अशा जोडप्याला छावणीत जागा मिळायची नाही. ती माणसं आमच्याकडे उतरायची. कुणी पंधरा दिवस राहायचं, कुणी महिना-दीड महिना.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी नगरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायचे. घरात आई आणि मी दोघीच. खोलीच्या दारामागे एक पुठ्ठा टांगलेला होता आणि त्यावर आईचे नियम मी मराठीत आणि हिंदीत लिहिले होते. मोरीत राख टाकू नये. खोलीत शेगडी पेटवू नये. भिंतीत खिळा मारू नये. हा शेवटचा आईला सगळ्यात महत्त्वाचा. भिंती मातीच्या, वरून चुन्याचा गिलावा. एक खिळा मारला की ताटाएवढा पोपडा खाली यायचा.

नियम मोडणारे बरेच भेटले. एकाने शेगडी पेटवून आढं काळं केलं होतं, एकीने राख ओतून मोरी तुंबवली होती. आई पहिल्यांदा समजावून सांगायची. दुसऱ्यांदा म्हणायची, दुसरी खोली बघा. तिसरी वेळ कुणावर आली नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता एक जोडपं आलं. आसामच्या पलीकडच्या डोंगरातलं. नवऱ्याला हिंदी चांगली यायची. बायको माझ्याच वयाची, ठेंगणी, तिला हिंदीचे दहा-वीस शब्द येत असतील. सामानात एक ट्रंक आणि चटईत गुंडाळलेला बांबूच्या काठ्यांचा एक भारा. आईने काठ्या पाहिल्या, पण काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आई ओट्यावर बसलेली. म्हणाली, दुपारी ठोकल्याचा आवाज आला. आधी चार ठोके, मग थांबून आणखी चार. आणि त्यानंतर आतून सारखा ठप-ठप आवाज येतोय, दार लावलेलं.

"मग विचारायचं की," मी म्हटलं.

"तिला माझं कळायचं न्हाई आणि मला तिचं. तू ये."

दोघी गेलो. आईने कडी वाजवली. दार उघडलं आणि समोरच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, मनगटाएवढ्या जाड दोन लाकडी खुंट्या दिसल्या. खाली गिलाव्याचे तुकडे तिने नीट गोळा करून कागदावर ठेवले होते. मला वाटलं, आता संपलं. मी हिंदीत जुळवाजुळव करायला लागले की हे असं चालत नाही, पुठ्ठ्यावर लिहिलंय.

आईने माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं.

खुंट्यांना एक बांबू बांधला होता आणि त्यावरून लाल-काळ्या सुताचा ताणा, उभ्या दोऱ्यांचा पट्टा, जमिनीवर पसरत आला होता. दुसऱ्या टोकाला कमरेला बांधायचा चामड्याचा रुंद पट्टा. ती मुलगी आमच्याकडे घाबरून बघत होती. आईने हाताने खूण केली, बस. ती बसली, पट्टा कमरेमागे घेतला, पाय समोर आडव्या टाकलेल्या लाकडाला टेकवले आणि जराशी मागे रेलली. सगळा ताणा एकदम ताठ झाला. दोरे वेगळे करून तिने त्यातून सूत ओवलं आणि तलवारीसारख्या एका गुळगुळीत पट्टीने ते आत ठोकलं. ठप. ठप.

आई खाली बसली. तिचं माहेर साळ्याचं, हे मला ठाऊक होतं. आजोबांच्या घरी जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग होता. पण आईला मागाबद्दल बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्हारे में बाई बैठती मागपे?" आईने विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही. संध्याकाळी नवरा आला तेव्हा आईने तोच प्रश्न त्याच्याकडून तिला विचारवला. तो हसला. म्हणाला, माताजी, आमच्याकडे बायाच विणतात. पुरुषाने याला हातसुद्धा लावायचा नसतो. खुंट्यांबद्दल त्याने माफी मागितली. गावाकडे घर लाकडाचं असतं, खुंटी कुठेही ठोकता येते, तिला कळलं नाही, असं म्हणाला.

आई म्हणाली, भिंत पडेल आणि मागही पडेल. दुसऱ्या दिवशी तिने त्या खुंट्या काढायला लावल्या आणि माग पडवीतल्या सागवानी खांबाला बांधून दिला. मला जरा रागच आला. गेल्याच महिन्यात आरशासाठी एक खिळा मारला म्हणून तिने एका बाईला रडवलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. आई म्हणाली, तिला आरसा ट्रंकेवर ठेवता आला असता. हिला माग कुठे ठेवता येणार?

मग रोज दुपारी आई पडवीत तिच्याजवळ बसायला लागली. दोघी काय बोलायच्या ते मला माहीत नाही, मी शाळेत असायचे. एका रविवारी मात्र मी घरी होते. आईने पदर खोचला आणि पट्टा स्वतःच्या कमरेला लावून मागितला. त्या मुलीने तो बांधून दिला. आई मागे रेलली, पण ताणा एका अंगाला ताठ आणि दुसऱ्या अंगाला ढिला राहिला. हातातली पट्टी बरोबर चालत होती, पण तिचे पाय सारखे खाली दाबल्यासारखे हलत होते. खड्ड्यातल्या मागाच्या, पायाने दाबायच्या पावड्या शोधत होते. त्या मुलीने हळूच तिचे दोन्ही पाय धरून लाकडाला टेकवले.

"तू कधी शिकलीस?" मी विचारलं.

"कोण शिकवतंय. आमी पोरींनी फक्त सुताच्या कांड्या भरायच्या. मागावर बाप्यांनी बसायचं." मग पट्टी ठोकत म्हणाली, "बाबा जेवायला उठले की मी बसायची. चार बोटं विनायची आणि उठायची."

"त्यांना कळायचं नाही?"

"कळत असंल. माझी वीण घट्ट यायची. पण त्यांनी कधी उसवलं न्हाई."

त्या दिवशी आईने दोन बोटं विणलं असेल. कड वेडीवाकडी आली. ती मुलगी ते उसवेल असं मला वाटलं होतं, पण तिने त्याच्या पुढे विणायला घेतलं.

नवऱ्याचं शिक्षण संपलं आणि ते दोघे निघाले. कापड पुरं झालं होतं. तिने ते कापून, घडी करून ट्रंकेत ठेवलं. आपल्या सासूसाठी आहे, असं नवरा म्हणाला. टांगा वळणावर दिसेनासा झाल्यावर मी आईला विचारलं, तुला वाटलं का, की तिने ते तुला द्यावं?

"मला कशाला," आई म्हणाली. "पन कडेला ती सूत वळवायची ना, आत घेताना, ते मला दोनदा बघूनही समजलं न्हाई. तेवढं विचारायचं राहिलं."

पुढे कितीतरी जोडपी आली आणि गेली. आलेल्या प्रत्येक बाईला आई आधी विचारायची, तुमच्याकडे विणतात का, आणि मागावर कोण बसतं.