वरून तीच, आतून न्हाई

मिलिंददादा गेल्याचा फोन मायनेच केला. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, मी वडीगोद्रीला घरी ओट्यावर तूर निवडत बसले होते. फोनवर तिचं नाव दिसलं तेव्हाच काय ते कळलं, कारण माय एरवी स्वतः फोन लावत नाही, कुणाकडून तरी लावून घेते. "गेला गं तुझा भाऊ," ती म्हणाली. मी म्हणाले, लगेच निघते. तर म्हणते कशी, "सावकाश ये. आता कशाची घाई हाय त्याला?" ऐंशीच्या घरातली बाई, पोटचा पोरगा गेलेला, आणि आवाजात कुठे ओल नाही. हायवेवर जालन्याची गाडी मिळेपर्यंत मी तेच वाक्य मनात घोळवत उभी होते. रडू आलं नाही... राग आला. कुणाचा आला ते नीट सांगता यायचं नाही. दोघांचाही आला असेल.

जलदानविधी होऊन महिना होत आला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी भावावर लिहा म्हणून सांगितलंय. नवीन जालन्यात घड्याळांचा नादिष्ट माणूस म्हणून दादाला ओळखणारे पुष्कळ आहेत, ते त्याच्याबद्दल गोड गोड बोलतात. बोलू देत बापडे. माझा भाऊ हुशार होता आणि दुष्टही होता, आणि यातलं एक गाळून मला लिहिता येत नाही. ज्यांना गोडच वाचायचंय त्यांनी इथेच पान उलटावं, माझी काही हरकत नाही.

आमचे वडील, म्हणजे आप्पा, अंबडच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. त्यांच्या केबिनच्या खिडकीतून हात बाहेर आला, मनगट वळलं आणि शिट्टी वाजली की गाडी हलायची. त्या मनगटावर एक जुनं स्विस घड्याळ होतं, चावीचं. नोकरी पक्की झाली तेव्हा जुन्या जालन्यातल्या एका घड्याळवाल्याकडून त्यांनी ते हौसेनं घेतलं होतं. सकाळी आंघोळ, मग बुद्धवंदना, मग घड्याळाला चावी. चावी भरून झाली की ते घड्याळ कानाशी धरायचे आणि मग आम्हा दोघांच्या कानाशी. "ऐका, घडी कशी पळून राह्यली," म्हणायचे. खरंच पळायचं ते, एखादा उंदीर गवतातून पळावा तसं बारीक, भरभर. दादा तर डोळे मिटून ऐकायचा. शाळेत असतानाच त्यानं घरातला टाइमपीस खोलला, पुन्हा जोडला, आणि एक स्क्रू हातात उरला तरी तो चालला. आप्पांनी मारलं नाही. आल्यागेल्याला कौतुकानं तो स्क्रू दाखवत बसले.

पुढे दादा बँकेत लागला, ऑफिसर झाला, नवीन जालन्यात घर बांधलं. मग त्यानं आयुष्यातलं पहिलं भारी घड्याळ घेतलं. जुनं होतं, पण अस्सल. बियाण्याच्या धंद्यातला एक बडा व्यापारी केबिनमध्ये आला, दादाच्या मनगटाकडे बघून हसला आणि म्हणाला, "साहेब, कॉपी मस्त हाय, कुठून आणली?" दादानं सांगितलं, खरं आहे. तो आणखी हसला. ही गोष्ट दादानं मला एकदाच सांगितली. "बेबे, त्यानं घडी बघितलीच न्हाई गं," तो म्हणाला. "माझं आडनाव वाचलं दारावरचं, अन् मनगट बघितलं. ह्या मनगटावर खरी घातली तरी नकलीच दिसणार." तेव्हा मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं होतं. आजही वाटतं.

त्यानंतर त्याचा नाद वाकड्या वाटेनं गेला. अस्सल घड्याळ अस्सल म्हणून घालणं त्यानं सोडलं. बाजारातल्या रेप्लिका आणायचा, मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या नावाच्या, आणि त्यातलं हलकं मशीन काढून कुठल्या तरी जुन्या घड्याळातलं खरं स्विस मशीन आत बसवायचा. एकाची केस, म्हणजे बाहेरची डबी, दुसऱ्याची डायल, तिसऱ्याचे काटे. "लगीन लावलं," म्हणायचा. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून बसलेला दादा बघण्यासारखा असायचा, अगदी लहानपणीचा. कुणी हसलं की हसू द्यायचा. भाईर काय बी असू दे, आत खरी पायजे, हे त्याचं ठरलेलं. मग वेळ आली की दुसऱ्याच कुणाला तरी असा धुऊन काढायचा की विचारू नका. आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात बोहल्यावर उभ्या नवरदेवाचा हात धरून, सासरचे सगळे ऐकत असताना म्हणाला, "जावईबापू, कॉपी झ्याक हाय. कुणी फसवलं तुम्हाला?" घड्याळ मुलीच्या बापानं, म्हणजे आमच्या काकानंच दिलेलं. पोरानं गुपचूप ते काढून खिशात टाकलं. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरदेवाचं मनगट उघडं आहे आणि काका खाली बघतोय. घरी आल्यावर मी दादाला म्हणाले, तुला त्या व्यापाऱ्याला बोलायचं होतं, तू काकाला बोललास. तो म्हणाला, "व्यापाऱ्याला बोलता येतं व्हय?"

आप्पा रिटायर झाल्यावर काही वर्षांनी दादाकडेच राहायला आले, माय आलीच. हाताला कंप सुटला होता, पण चावी द्यायचा नेम चुकला नव्हता. एक दिवस दादा म्हणाला, "आप्पा, द्या इकडं, सर्व्हिसिंग करून देतो." करून दिलं. डायल तीच, काटे तेच, काचेवरचा चराही तोच. मी त्या दिवशी तिथेच होते. दुसऱ्या सकाळी आप्पांनी चावी फिरवली. फिरवत राहिले. कानाशी धरलं, दुसऱ्या कानाशी धरलं. मग म्हणाले, "मिलिंदा, ही माझी न्हाई."

"तीच हाय आप्पा. बघा चरा, बघा काच."

"वरून तीच हाय. आतून न्हाई. माझी पळायची... ही चालून राह्यली."

बँकेतले दोघे चहाला आलेले होते, ते हसले. दादाही हसला. आणि तिथून आमच्या आप्पांची फरफट सुरू झाली. ते येईल त्याला सांगायचे, माझं घड्याळ बदललं. दिवसभर चावी फिरवत बसायचे, ती कुठे अडकायचीच नाही, गोल गोल मोकळीच फिरायची. दादा लोकांना कपाळाशी बोट नेऊन दाखवायचा. मी घड्याळ हातात घेतलं आणि दादाला बाजूला घेऊन म्हणाले, अरे चावी मोकळी फिरून राह्यली, मला कळतंय तर तुला कळत न्हाई? उघड मागचं झाकण. म्हणाला, पॅक बसवलंय, उघडलं तर हवा जाईल. मंग मी नेते जुन्या जालन्यात, म्हणाले. त्यावर त्यानं काय करावं? आप्पांच्या मनगटावरून घड्याळ काढलं आणि कपाटात घालून कुलूप लावलं. "ह्यांचं डोकं गेलंय, हरवतील," म्हणाला. मी भांडले, आरडाओरडा केला, वहिनी रडली, आप्पा आमच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. ज्या माणसाच्या हाताकडे बघून अख्ख्या तालुक्याच्या गाड्या हलायच्या, त्याला आता येणारे जाणारे गंमत म्हणून विचारायचे, "आप्पा, किती वाजले?" आणि आप्पा उघड्या मनगटाकडे बघून म्हणायचे, "विचारा माझ्या पोराला." असेच गेले ते, उघड्या हातानं. येडा म्हणूनच पोचवलं त्यांना.

वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण आप्पांच्या पुण्यस्मरणाला माणसं जमली होती. दादाचे घड्याळवाले दोस्त संभाजीनगरहून आले होते. जेवणं झाल्यावर दादानं मनगटावरचं त्याचं लाडकं घड्याळ काढलं, जे तो कितीतरी दिवस घालत होता, आप्पांच्या खाटेशी बसतानाही घालत होता. मागचं झाकण उघडून म्हणाला, "ओळखा मशीन." कुणालाच येईना. तो खुशीत होता. "आमच्या आप्पांचं. त्यांना सेलवालं बसवून देल्तं. म्हाताऱ्यानं एका दिवसात पकडलं राव! कान कसला तिखट!" खरं सांगते, त्याच्या आवाजात अभिमान होता. बापाच्या कानाचा अभिमान! त्या कानाला येडं ठरवून मारलं होतं यानं. माय तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता ट्रे फेकते. ती आत आली, एकेकाच्या हातात कप दिला आणि विचारलं, "साखर बराबर हाय का?"

त्यानंतर ती त्याच घरात राहिली, त्याच्याच ताटातलं जेवली, नातवांची लग्नं पाहिली. आप्पांचा विषय मी काढला तर उठून जायची. मला वाटलं, गिळलं तिनं. मायच्या पोटाचा मला अंदाज नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "अं... अं..." एवढाच आवाज. पण कान शाबूत होते आणि डोळेही. डाव्या हातानं खुणा करायचा, घड्याळ पायजे. वहिनी त्याचं लाडकं चावी देऊन बांधायची, तो ते कानाशी नेऊन पडून राहायचा, तेव्हा चेहरा निवळायचा त्याचा. मी रजा टाकून गेले होते. एक दिवस मायनं कपाटातून आप्पांचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, म्हणाली, स्टेशनपाशी जाऊन सेल टाकून आण. मला वाटलं, नवऱ्याची आठवण म्हणून जवळ ठेवणार असेल. आणलं टाकून. वहिनी आंघोळीला गेली तशी माय दादाच्या उशाशी गेली, त्याचं लाडकं घड्याळ सोडलं आणि हे बांधलं.

दादानं ते कानाशी नेलं. मी दारात होते. त्याचे डोळे असे मोठे झाले... मान हलवायला लागला, नाही, नाही. मायकडे बघून, माझ्याकडे बघून.

माय म्हणाली, "तीच हाय बाबा. बघ चरा, बघ काच."

तो पलंगाच्या लोखंडी दांडीवर मनगट आपटायला लागला. वहिनी धावत आली, शांत व्हा हो, शांत व्हा, करायला लागली. तिला बिचारीला काय ठाऊक? माय तिला म्हणाली, डोकं गेलंय त्याचं, हे काढू नको, हे बापाचं हाय, हेच असू दे. त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची आणि वर त्याच्यासमोरच सांगायची. लोक त्याच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं बोलायला लागले. बँकेतला एकजण त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, किती वाजले सांगा बरं?" दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. मी मायला स्वयंपाकघरात ओढत नेलं. माय, बस कर, म्हणाले, जीव जातोय त्याचा.

"तुझ्या बापाला कुणी म्हणलं का, बस कर?"

"मी म्हणलं होतं."

"तुझं कुणी ऐकलं का?"

"न्हाई."

"मंग आता बी न्हाई ऐकायचं," ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

मी ते घड्याळ सोडायला गेले होते, लपवून कशाला ठेवू? माझ्या मागे माय येऊन उभी राहिली आणि मी हात मागे घेतला. त्या वयात, त्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत असताना माझ्यानं झालं नाही ते. दादानं तेही पाहिलं. त्यानंतर तो कानाशी हात न्यायचाच बंद झाला, मनगट चादरीखाली ठेवायचा. असाच गेला. वहिनी अजून हळहळते, शेवटी ह्यांना काही समजत नव्हतं हो, निदान त्रास तरी कळला नसेल. मी तिला काय सांगू?

माय आता दादाच्याच खोलीत झोपते. कपाटात त्याची घड्याळं ओळीनं आहेत, कुणी चावी देत नाही, आपापल्या वेळेला थांबलीत सगळी. परवा मी तिथेच बसून हा लेख तिला वाचून दाखवला, म्हटलं पेपरात येणार आहे, तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. कुठेही थांबवलं नाही तिनं. स्वतःबद्दलचं आलं तेव्हा पदरानं चष्मा पुसत होती. वाचून झाल्यावर मी म्हणाले, माय, मी शेवटी असं लिहिणार आहे की मिलिंददादाचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं, त्याला सगळं कळत होतं, मी साक्षीला आहे. तेवढं तरी त्याला मिळू दे.

मायनं चष्मा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"लिही," ती म्हणाली. "पर आदी तुझ्या बापाचं लिही."