पगाराचा आकडा सांगताना

वैशाखातल्या भर दुपारी कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध घरभर पसरतो, तेव्हा नागपूरकराला स्वर्गाबद्दल फारसं कुतूहल उरत नाही. बाहेर ऊन इतकं रणरणत असतं की डांबरसुद्धा मऊ होऊन चपलेला बिलगतं; आणि आत, ओढलेल्या पडद्यांच्या सावळ्या उजेडात, तो शीतल, किंचित तुरट वारा अंगावरून फिरत राहतो. अशा प्रहरी माणसाने खुशाल आडवं व्हावं, कच्च्या कैरीचं पन्हं प्यावं, आणि उपदेश तर कुणालाच करू नये. यंदा मात्र मी नेमकी त्याच वेळी शहाणपण वाटायला बसले होते, आणि ते शहाणपण कसं माझ्याच अंगाशी आलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझ्या वरच्या खोलीत अश्विनी भाड्याने राहते. पारशिवनीजवळच्या खेड्यातली, चार वर्षं नर्सिंग शिकून नुकतीच पदवी घेतलेली, एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढणारी मुलगी. तिच्या येण्याने या घरात एक अकारण प्रसन्नता आली आहे; सकाळी ती जिन्यावरून उतरू लागली की माझा चहा आपोआप गॅसवर चढतो. वडिलांनी तिला मोठ्या कौतुकाने शिकवलं, पण निकालाच्या दिवशी स्पष्ट बजावलं, "पोरी, शहरातला तुह्या खर्च तुह्या पगारात भागला तर राह्य. नाही तर घरी ये, इथल्या डॉक्टरकडे बसजो, स्थळंही पाहू." म्हणजे पहिल्या पगाराचा आकडा हा तिच्यासाठी नुसता आकडा नव्हता, नागपुरात राहायचं की सामान बांधायचं, त्याचा तो निवाडा होता.

परिचारिकेच्या व्यवसायाबद्दल आपण किती उदात्त बोलतो! सेवा, करुणा, मातृत्व; शब्दांची नुसती पुष्पवृष्टी. आजारातून उठलेला माणूस सिस्टरचे हात हातात घेऊन तिला देवी म्हणतो. म्हणावंच. पण देवीला बसभाडं पडत नाही, असं का धरून चालतो आपण? आरती जोरात म्हणायची आणि दक्षिणेच्या वेळी खिसा चाचपायचा, ही आपली जुनीच खोड. नव्या मुलींना तर "आधी अनुभव घ्या" एवढं एकच उत्तर मिळतं, आणि अनुभव कुठे मिळतो म्हणून विचारावं, तर तो म्हणे नोकरीत! संताप होतो हो माझा!

अश्विनीच्या मैत्रिणींनी आपापले मार्ग शोधले होते. एक जर्मनीतल्या नर्सच्या नोकरीसाठी सीताबर्डीवर जर्मन भाषेच्या वर्गाला जाऊ लागली होती आणि आमच्या अंगणात उभं राहून घशातून असे काही उच्चार काढायची की शेजारचं कुत्रं कान टवकारायचं. दुसरी सरकारी भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत होती, चातकालाही कंटाळा यावा इतक्या चिकाटीने. अश्विनीला मात्र इथेच, याच शहरात, आणि आत्ताच काम हवं होतं. एका खाजगी रुग्णालयाचं मुलाखतीचं बोलावणं आलं, तशी ती धावत खाली आली. "काकू, मले सगळं येते. सलाईन लावता येते, ईसीजी काढता येते. पण पगार किती पाहिजे म्हणून विचारलं, तर काय सांगू?"

आता पाहा, मी एकतीस वर्षं खाजगी शाळेत मराठी शिकवलं. या एकतीस वर्षांत मी संस्थाचालकांना पगाराबद्दल किती वेळा विचारलं असेल? एकदाही नाही. आपल्याकडे पगार मागणं म्हणजे पंगतीत बसून स्वतःहून जिलबी मागणं! वाढपी समोर येईपर्यंत मान खाली घालून वरण-भात कालवत बसायचं, आणि तो पुढे निघून गेला तर आपल्या नशिबात गोड नव्हतं म्हणून ताक पिऊन उठायचं. हीच माझी संस्कृती, हीच माझी विद्या, आणि हीच मी त्या वाळ्याच्या गारव्यात बसून तिला शिकवली. म्हटलं, "नम्रपणे सांगायचं, सर, आपण योग्य तेच द्याल. त्याने छाप पडते." तिने ते वाक्य शहाण्या मुलीसारखं दहादा म्हणून दाखवलं. मला केवढी धन्यता वाटली म्हणून सांगू!

मुलाखतीच्या दिवशी ती परतली, ती दारातच चप्पल भिरकावून हसत सुटली. पंख्याखाली बसवलं, पन्हं दिलं, तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली. समोर रुग्णालयाचे मालक डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी पन्नाशीच्या मेट्रनबाई, म्हणजे तिथल्या सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख. कामाचे प्रश्न संपले. डॉक्टरांनी विचारलं, अपेक्षा काय? हिने माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्यावर डॉक्टर प्रसन्न होऊन म्हणाले, "छान. मग बारा हजार." छाप पडली ती अशी!

"मी तर भीतीनं मरून राहिली होती, काकू," ती सांगत होती. "बारा म्हणजे सरळ पारशिवनीची बस." मग तिची नजर टेबलावरच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर गेली. इनटेक-आउटपुट चार्ट! रुग्णाच्या शरीरात पाणी, सलाईन किती गेलं आणि बाहेर किती पडलं, ते तासातासाला ज्यावर लिहितात, तो साधा तक्ता. तिने एक कागद विचारून घेतला, रुग्णाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, आणि महिन्याचा चार्ट भरून डॉक्टरांपुढे सरकवला. आत जाणार, बारा. बाहेर पडणार: खोली, मेस, बस, मोबाईल, धाकट्या बहिणीचं कॉलेज, बेरीज सोळा. आणि म्हणाली, "सर, पेशंटचा असा चार्ट दिसला असता आणि मी गप्प राहिली असती, तर तुम्ही मलेच झापलं असतं."

त्या चार्टात बाहेर पडणाऱ्या रकमांमध्ये पहिलं नाव माझ्याच खोलीच्या भाड्याचं होतं, हे ऐकून मला पन्ह्याचा ठसका लागला. पुढच्याच श्वासात मी म्हटलं, अगं, ते मी कमी करते. तर पोरगी फटकन म्हणाली, "तुम्ही काहून कमी करता? ज्यानं द्याचं त्यालेच मागावं ना." एकतीस वर्षांत मला न सुचलेलं वाक्य बाविशीतल्या मुलीने ओठ पुसता पुसता बोलून टाकलं.

डॉक्टर आधी कपाळाला आठ्या घालून बसले, मग चार्ट वाचला, मग चष्मा काढून खोखो हसले, आणि सोळा हजारांवर सही झाली. मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात त्यांनी हिला गाठलं. "काहून वं, भीती नाही वाटली?" ही म्हणाली, "वाटली ना मॅडम. पण चार्टात खोटं लिहू नये, हे तुमच्यासारख्या सिस्टरांनीच तर शिकवलं." त्यावर त्या वळून वॉर्डात निघून गेल्या.

त्या संध्याकाळी आमच्याकडे बेत झाला, पाटवड्यांचा रस्सा आणि गरम भाकरी. जर्मनवाली मैत्रीणही आली आणि रश्श्याच्या तिखटाने तिचे ते घशातले उच्चार प्रथमच अगदी सहज निघाले. अश्विनीने वडिलांना फोन केला. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "बरं, मंग राह्य तिथंच." मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला. वयाच्या बाविसाव्या वर्षी मला कुणी असा कागद हाती दिला असता, तर मी तो भरला असता का? बहुतेक त्याच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात सुविचार लिहिला असता!

आता तिला कामाला लागून सव्वा महिना झाला. काल कामावरून आली ती नेहमीसारखी दोन पायऱ्या टाकत वर गेली नाही, माझ्याजवळ येऊन बसली. दुपारी मेट्रनबाई तिच्या वॉर्डात आल्या होत्या म्हणे. बावीस वर्षं त्या रुग्णालयात काढलेली बाई, जिच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने नव्या मुली ताठ उभ्या राहतात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अश्विनी, एक कोरा चार्ट देजो वं."

हिने गठ्ठ्यातून कागद काढला आणि सवयीने विचारलं, "कोणत्या बेडचा, मॅडम?"

"बेडचा नाही," त्या म्हणाल्या. "माह्या."