नवव्या दिवशी, उजवीकडून

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकबाहेरच्या आमच्या घरातून सायकल काढली. हवा कोरडी, वारा नाही, रस्ता स्वच्छ दिसत होता. वय एकाहत्तर. रक्तदाबाची गोळी घेतलेली होती.

अशी नोंद आधी करायची, ही सवय नोकरीतली. मी अठ्ठावीस वर्षे दक्षिण इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ होतो. आमच्याकडे नियम होता: चूक झाली आणि रुग्णाला इजा झाली नाही, तरी ज्याच्या हातून ती झाली त्याने ती त्याच दिवशी लिहून द्यायची. हाताखालच्या डॉक्टरांना हा नियम मी कठोरपणे पाळायला लावला. ‘पण काही झालं तर नाही ना,’ असे म्हणणाऱ्याचे पुढचे वाक्य मी ऐकून घेत नसे. तोच नियम आता मला लागू आहे.

त्याआधी नऊ दिवस मी फ्रान्सहून परतलो होतो. सोबत मेडिकल कॉलेजपासूनचा मित्र होता. तो हाडांचा डॉक्टर, आता निवृत्त, राहतो साउथहॅम्प्टनला. नॉर्मंडीच्या खेड्यांतून आम्ही बारा दिवस सायकल चालवली. दोन्ही बाजूंना मका आणि सफरचंदाच्या बागा, मधून एका गाडीपुरता गुळगुळीत रस्ता, आणि तासाला फार तर एक गाडी. दुपारी बाराला गावातले दुकान बंद होई. मग त्या गावात आमच्या साखळ्यांखेरीज दुसरा आवाज नसे. मित्राला ही शांतता मानवली. मला ती मानवत नाही. शस्त्रक्रिया चालू असताना यंत्र गप्प झाले की मान वर करायची, हे मी आयुष्यभर केले. मी सारखा मागे वळून पाहत असे.

“लेका, कोणी येत नाहीये,” मित्र म्हणे. “इथे मेलो तर सापडायला दोन दिवस लागतील. निवांत चालव.”

रिकाम्या रस्त्याचा खरा धोका वेगळाच असतो. रहदारी असली की तीच तुम्हाला बाजू दाखवते. रस्ता रिकामा असला की दाखवणारे कोणी नसते, आणि मग जुनी सवय चालवू लागते. आम्ही पुण्यात डावीकडून शिकलो, इंग्लंडमध्येही डावीकडूनच चालवत आलो; फ्रान्समध्ये रहदारी उजवीकडून. पहिल्या दिवशी पाणी पिऊन निघालो आणि मैलभर डावीकडून गेलो. समोरून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने आमच्याकडे पाहिले, हात वर केला आणि मुकाट्याने आपणच बाजू बदलली. त्या संध्याकाळी मी नियम केला. प्रत्येक थांब्यानंतर मागच्याने विचारायचे, “बाजू?” पुढच्याने मोठ्याने सांगायचे, “उजवी.” त्याशिवाय पायडल फिरवायचे नाही.

“निवृत्त झालास तरी तुझं ऑपरेशन थिएटर काही सुटत नाही.”

“बाजू सांग.”

“उजवी, महाराज, उजवी. निघू आता?”

उरलेल्या अकरा दिवसांत चूक झाली नाही.

परतल्यावर मी तीनदा इथल्या अरुंद गावरस्त्यांवर गेलो. तिन्ही वेळा डावीकडून, काहीही आठवावे न लागता. शनिवारी चौथ्यांदा निघालो. गाव सोडल्यापासून एकही गाडी भेटली नव्हती. दोन्हीकडे डोक्यापर्यंत झुडपांचे कुंपण होते. आठच्या सुमारास एका शेताच्या गेटपाशी थांबलो, पाणी प्यालो, सायकलवर बसलो आणि मोठ्याने म्हणालो, “उजवी.”

कोणी विचारले नव्हते. मागे कोणी नव्हते.

अर्धा मैल मी उजव्या बाजूने गेलो. पुढे आंधळे वळण होते. वळणापलीकडून माझ्याच वयाची एक बाई तपकिरी घोड्यावरून, तिच्या योग्य बाजूने, येत होती. मी ब्रेक दाबले आणि कुंपणात शिरलो. घोडा बिचकून मागे सरला, त्याचा मागचा पाय चरात गेला. बाईचा एक पाय रिकिबीतून सुटला, पण ती पडली नाही.

“लागलं का?” तिने वरूनच विचारले. मी नाही म्हणताच तिचा आवाज चढला. “डावीकडून हो, डावीकडून! हा काय रस्ता आहे चुकायचा?”

“माफ करा,” मी म्हणालो. “कालच फ्रान्सहून आलो.”

तिचा चेहरा सैल झाला. “हात्तिच्या! आमचे हे दर वर्षी तेच करतात. एकदा तर बसच्या तोंडावर गेले.” मग वाकून घोड्याची मान थोपटत त्याला म्हणाली, “ऐकलंस? हे साहेब अजून तिकडेच आहेत.” हसली आणि निघून गेली.

‘काल’ हे खोटे होते, आणि ते विचार न करता तोंडातून आले. अशी खोटी कारणे मी इतरांच्या अहवालांत अनेकदा लाल शाईने खोडली आहेत.

सायकल हातात धरून घरी आलो. अंगणात ती धुतली, पुसली, पुन्हा पुसली. स्वयंपाकघरात पत्नी घेवड्याच्या शिरा काढत बसली होती.

“अहो, हाताला काय झालं?”

“काटे.”

“काटे दिसताहेत मला. लागले कसे?”

सांगितले. त्या बाईला काय सांगितले, तेही सांगितले.

“बारा दिवस घोकलंत, ते तोंडात बसलं,” ती म्हणाली. “त्यात एवढं काय?”

“मध्ये तीनदा नीट गेलो होतो.”

तिने सुरी खाली ठेवली. “मग एक सांगा. गेटपाशी पाणी पीत होतात, तेव्हा कुठे होतात?”

“गेटपाशी.”

“ते कळलं. इथल्या की तिकडच्या?”

इथल्या, असे म्हणणे सोपे होते. पण बाटलीत अर्धे पाणी तसेच होते. मित्राची बाटली नेहमी आधी संपते. तो मागून येईल म्हणून मी ते ठेवले होते.

“अर्धं पाणी त्याच्यासाठी ठेवलं होतं,” मी म्हणालो.

तिने घेवडा बाजूला सारला. मग म्हणाली, “भावजींचं...”

“हो.”

नागपूरचा माझा थोरला भाऊ निवृत्तीनंतर चार वर्षांनी ऑफिसच्या बससाठी नाक्यावर उभा राहू लागला. सवय आहे, असे आम्ही भावंडे वर्षभर म्हणत राहिलो. त्यांत दोघे डॉक्टर होतो. स्मृतिभ्रंशाच्या उपचाराचे ते वर्ष वाया गेले.

“मग लिहा,” पत्नी म्हणाली. “दुसऱ्यांना लिहायला लावायचात ना?”

आमच्या डॉक्टरांच्या नावे एक पान लिहिले. स्मृतीची तपासणी करावी, अशी विनंती केली; तोवर सायकल चालवणार नाही, हेही लिहिले. तिने चष्मा लावून वाचले.

“‘अलीकडेच परतल्यावर’ म्हणजे काय? नऊ दिवस लिहा. आणि पाणी कुठंय यात?”

दोन्ही लिहिले.

“आणि गाडी?”

“गाडीचं काय?”

“सायकल बंद आणि गाडी चालू? आज घोडा होता. लॉरी असती म्हणजे?”

“उद्या पिनरला जायचंय, लेकीकडे.”

“म्हणूनच विचारतेय. मला तर चालवता येत नाही. शिकवताना शेजारी बसून असे ओरडायचात की तिसऱ्या दिवशीच सोडलं मी.”

हे खरे होते. मी किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिने ती उचलली आणि घेवड्याकडे वळली.

दुपारी चालत जाऊन दवाखान्याच्या पत्रपेटीत पाकीट टाकले. शनिवारी दवाखाना बंद असतो. परत येताना मित्राला फोन केला आणि तेवढेच सांगितले, जेवढे पानावर होते.

“पाणी ठेवलंस? माझ्यासाठी?” तो म्हणाला. “नालायका, बारा दिवसांत एक घोट दिला नाहीस तू मला.”

मी हसलो नाही.

“तपासणीला मी येऊ?” त्याने विचारले.

“ये.”

घरी आल्यावर उद्याच्या ट्रेन पाहिल्या. रविवारी रुळांची कामे असतात; निम्म्या वाटेवर बस होती. सव्वाचार वाजता दोघांची पिनरपर्यंतची, ज्येष्ठांच्या सवलतीची, जाण्यायेण्याची तिकिटे काढली.