गंजाडच्या माळावरची कवळी

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

सकाळी आपल्या ग्रुपला रानफुलं दाखवायला गंजाडच्या माळावर घेऊन गेलो होतो. पांढऱ्या फुलांनी डवरलेली कवळी दिसली. हिच्या कोवळ्या पानांची भाजी इथे घरोघर होते. मुळाशी कंद असतात, ते दाखवायला मी एक रोप उपटलं. माझं बघून आणखी सात-आठ जणांनी उपटली. फोटो झाले आणि रोपं तिथेच टाकून दिली.

मागून पाड्यावरची एक मावशी गवताचा भारा घेऊन येत होती. भारा उतरवून म्हणाली, "फूल आल्यावर आम्ही हिला हात नाय लावत, भाऊ. बी पडायला नको?"

मला हिचं लॅटिन नाव पाठ आहे. एवढी साधी गोष्ट मात्र माहीत नव्हती!

मावशी खाली बसून बोटांनी चिखल उकरत एकेक रोप परत लावू लागली. मीही बसलो.

"जगतील ना?" मी विचारलं.

"तुम्ही परत नाय आलात तर जगतील."

पुढच्या रविवारी याच माळावर यायला बावीस जणांनी नावं दिलीत. त्यांना काय सांगू?